कोपर

येओव्हिलच्या त्या इमारतीत एका खोलीच्या तीन खोल्या केल्यात.
मध्ये प्लायवूड.
पलीकडे चेनेसाई आणि तिचा मुलगा तिनेवींबो,
अलीकडे मी, हरारेहून आलेला,
दोन कथा छापून आल्या म्हणून स्वतःला लेखक म्हणवणारा,
दिवसा पेट्रोलपंपावर गाड्यांच्या काचा पुसणारा.

चेनेसाई परक्यांच्या डोक्यांवर बारीक वेण्या घालते,
सकाळी आठपासून, उभ्याने.
संध्याकाळी कोपरं ठणकतात, त्यांना ती निलगिरीचं तेल चोळते.
तो वास फटीतून माझ्या वहीपर्यंत येतो.
अकरा वर्षं ती या शहरात आहे
सहा-सहा महिन्यांच्या परवान्यावर.
कोपराला लावलेला गूळ,
जीभ पोचत नाही आणि हात धुऊन टाकवत नाही.

त्या जूनमध्ये रस्त्याच्या कोपऱ्यावर माणसं उभी राहिली.
काठ्या होत्या, एकाकडे गोल्फ खेळायची दांडी.
कागद त्यांनी मागितलेच नाहीत.
एकाने आपला हात दुमडला, टोकावर बोट ठेवलं:
याला काय म्हणतात?

इन्दोलोल्वाने.
तिला येत होता तो शब्द.
गिऱ्हाइकांना रोज सांगायची, ताई, कोपर जरा आत घ्या.
पण त्या दिवशी तिसऱ्या अक्षरावर जीभ अडकली,
ओल्या केसांत कंगवा अडकतो तशी.

मुलाने म्हटला तो शब्द.
नऊ वर्षांचा, पाठीला दप्तर,
पाढा म्हणावा तसा सपाट आवाजात.
माणसं हसली. डोक्यावर टपली मारली.
हा आपला आहे.
आणि ही बाई कोण?

तिनेवींबोने तिच्याकडे पाहिलं नाही.
म्हणाला, माझ्या आईच्या वेण्या घालते.

खोटंही नव्हतं तसं.
स्वतःच्या वेण्या ती स्वतःच घालते, आरसा भिंतीला टेकवून.

घरी आल्यावर तिने साद्झा शिजवला,
त्याला थोडा जास्त वाढला,
आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

डिसेंबरात दोघं चिमानीमानीला गेली, बसने, सीमेवर चौदा तास.
तिथे पेरूच्या झाडावरून तो पडला.
कोपर सोललं.
कळवळून त्याने नाव घेतलं ते जोहान्सबर्गचं.
मामेभावंडं गप्प झाली, मग लोळून हसली.
गोकोरा म्हण, गोकोरा!
सुट्टी संपेपर्यंत त्याला इन्दोलोल्वाने हीच हाक.
आजोबासुद्धा. प्रेमाने.

मी यावर कथा लिहिली.
माझ्या कथेत आई रडते.
माझ्या कथेत संध्याकाळ रक्तासारखी लाल आहे.
मासिकाच्या संपादकांनी कळवलं, फार आतून आली आहे.

प्लायवूडला कान लावायला सांगून मी ती चेनेसाईला वाचून दाखवली.
पलीकडे ती टोपाचे केस विंचरत होती,
कंगव्याचा आवाज थांबला नाही.
शेवटी म्हणाली,
मी रडले नव्हते. पावाचे पैसे मोजत होते मनात,
सतरा रँड, की सोळा.
मग बराच वेळ नुसता कंगवा.
आणि तू सगळीकडे लिहिलंयस, ही बाई, ही बाई.
त्यांनीही तेच विचारलं होतं.

मोजलं. अकरा वेळा.
अकरा ठिकाणी खोडून नाव लिहिलं.
संध्याकाळचा रंगही काढला.
एक गोष्ट मात्र अजून त्या कथेत नाही:
मला त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही
कारण मी पंपामागच्या संडासात
आतून कडी लावून बसलो होतो,
आणि तोच शब्द घोकत होतो,
माझ्याच कोपराला हात लावून.

रात्री प्लायवूडवर ठक् होतं.
तिनेवींबोचं कोपर. झोपेत कूस बदलतो,
पलंग एकच आहे.
ती काहीतरी पुटपुटते, त्याला आत ओढते.
कुठल्या भाषेत, ते इकडून कळत नाही.